चुन्याची भिंत

या, असे जवळ येऊन बसा. त्या खांबाला टेकू नका, त्याचा रंग कपड्याला लागतो. चिलटांना हाकलण्यात वेळ घालवू नका, ती आपल्या आधीपासून इथं राहतात. तुम्हाला एका भिंतीची गोष्ट सांगते. देवाधर्माच्या म्हातारीनं गोडच बोलावं असं लोकांना वाटतं, आणि गोड बोलायला मला आवडतंही. पण ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. चढला तर चढू द्या, मध्ये थांबवू नका.

आमचं तिघींचं घर. माझी भाची व्होनेटा, तिची लेक जेरुशा, आणि मी, जिला अख्खं चर्च मावशी लुव्हिनिया म्हणतं. व्होनेटा कोंबड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभी राहून पंख कापते. पट्टा थांबत नाही, म्हणून तीही थांबत नाही. तिच्या उजव्या हाताची बोटं आता तिची राहिलेली नाहीत. कप धरला की सुटतो, फुटतो, आणि ती कपालाच शिव्या देते. रविवारी तिच्या झग्याची बटणं जेरुशा लावून देते. त्या वेळी दोघी एकमेकींकडे बघत नाहीत.

"तू त्या पट्ट्याजवळ यायचं नाहीस," व्होनेटा बटणं लावून घेता घेता म्हणायची. "मी मेले तरी चालेल, पण तू तिथं यायचं नाहीस."

"मेल्यावर मग बटणं कोण लावणार तुझी?"

"अंत्यसंस्कारवाला लावेल. पैसे कशाचे घेतो तो?"

जेरुशाच्या मनात गवंडीकाम होतं. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, धंदेशिक्षणाच्या शाळेत, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अल्व्हॉइड क्रेन्शॉ मास्तर ते शिकवतात. आमच्याच चर्चचे, पुढच्या बाकावर बसणारे. त्या शेडची रीत अशी, की सोमवारपासून मुलांनी भिंती बांधायच्या आणि शुक्रवारी पाडायच्या. म्हणून तिथला माल निव्वळ चुना आणि वाळूचा. सिमेंट नावालाही नाही. सिमेंट घातलं की वीट कायमची धरली जाते. चुन्याचा माल नुसता धरल्यासारखं करतो. शुक्रवारी भिंत उकलायची, एकेक वीट ब्रशनं घासायची, आणि सोमवारसाठी रचून ठेवायची. त्याच विटांच्या भिंती या मुलांच्या बापांनीही बांधल्या होत्या आणि पाडल्या होत्या.

आणि ज्यानं बांधली त्यानंच पाडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

जेरुशाची पहिली भिंत मास्तरांनी पाणसळ लावून बघितली, ओळंबा सोडून बघितला, आणि पुढच्या मुलाकडे गेले. शुक्रवारी ती पाडताना पोरगी प्रत्येक विटेपाशी थांबत होती.

"जीव जळतोय का?" मास्तर म्हणाले.

"नाही."

"मग तू बांधलीच नव्हतीस. जा घरी."

ती घरी आली ती दार आपटून. आठवडाभर मास्तरांशी बोलली नाही, आणि आठवडाभर सगळ्यांच्या आधी शेडच्या दाराशी उभी राहिली. व्होनेटा मला म्हणाली, "मावशी, या पोरीला काहीतरी लागलंय." मी म्हटलं, "काम लागलंय. बरं होत नाही ते."

आता ओडेसा बर्डसाँगबाईंचं सांगते. शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि चर्चच्या गायकवृंदात माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या. मी खोटं बोलणार नाही. ती शेड बाईंमुळे टिकली. या पोरांना कामाचं वळण नाही, कशाला त्यांच्यावर खर्च करता, शेड मोकळी करा आणि तिथं बस उभ्या करा, असं काउंटीचे लोक तोंडावर म्हणाले होते. बाई त्यांच्याशी भांडल्या. वळण लावून दाखवते, म्हणाल्या. आणि शेडच्या भिंतीवर मोठा फळा आला. वर लिहिलं होतं 'कार्यनिष्ठा'. खाली रकाने: वेळेवर येणे. गणवेश नीट असणे. हसतमुख असणे. उलट न बोलणे. वरिष्ठांनी सांगितलेलं करणे. प्रत्येकाच्या नावापुढे दर आठवड्याला गुण.

मास्तर तो फळा बराच वेळ वाचत उभे राहिले, असं जेरुशा सांगते. मग म्हणाले, "यात वीट कुठं आहे?"

व्होनेटाची कारखान्यातली पाळी लांबली की गाडी उशिरा घरी यायची, शाळेला उशीर व्हायचा, आणि जेरुशाचे गुण कापले जायचे. उशिरा आलेली मुलगी सगळ्यांच्या शेवटी घरी जाते, याला त्या फळ्यावर रकाना नव्हता. तरीसुद्धा शेवटच्या वर्षी नावं उरली ती दोनच, जेरुशा आणि कॉर्नेल. शहरातल्या गवंड्यांच्या संघाकडे उमेदवारीसाठी शाळेला एकच नाव पाठवता येतं. ते नाव गेलं, की शिकता शिकता पगार, आणि मग जन्मभराचा धंदा. नाही गेलं, तर आमच्या गावात कारखान्याचं फाटक एकच आहे.

कॉर्नेल म्हणजे गुणी पोर. आजीनं वाढवलेला, आजी आता खाटेवर. तिला भरवून शाळेत येणारा. आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. त्याच्या बोटांनी मला कितीदा रडवलंय, कसं सांगू तुम्हाला.

त्या वसंतात पाऊस आलाच नाही. पाइनचा पिवळा पराग छपरांवर, गाड्यांवर, ताटलीतल्या मक्याच्या लापशीवरसुद्धा. लाल माती पिठासारखी उडत होती. अशा दिवसांत धाकट्या मुलांच्या शाळेला भिंत बांधायचं ठरलं. ती शाळा आमच्या चर्चच्या समोरच, रस्त्यापलीकडे. मुलं बाहेरच्या बाकांवर जेवायला बसतात आणि शेजारून लाकडाचे ट्रक जातात, चेंडू रस्त्यावर गेला की पोर मागे धावतं. काम घेतलं होतं डेल पर्व्हिस नावाच्या कंत्राटदारानं. बाईंनी त्याच्याशी बोलून ठरवलं की भिंत आमची मुलं बांधतील, फुकट. काउंटीच्या लोकांना दिसू दे, म्हणाल्या. ते लोक शेडबद्दल मत द्यायला मे महिन्यात बसणार होते.

मास्तरांनी सिमेंटच्या गोण्या मागवून शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली वेगळ्या ठेवल्या. आणि काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांच्या पोटात अशी कळ आली की दोघांनी धरून गाडीत घालावं लागलं. पित्ताचे खडे. हॉस्पिटलात पोट कापलं.

बाई म्हणाल्या, काम थांबणार नाही. देखरेख पर्व्हिस करेल.

पर्व्हिसनं देखरेख केली ती त्याच्या गाडीत बसून, काचा वर, थंड हवा चालू, फोन कानाला. पोरं उन्हात. रोज संध्याकाळी जेरुशा घरी यायची तेव्हा तिच्या कानात लाल माती असायची, ओठ फुटलेले असायचे, आणि चुन्यानं तळहाताची सालं निघालेली. व्होनेटा तिच्या हाताला चरबी चोळायला बसायची. मेलेल्या बोटांनी सोललेले हात चोळायचे. "दुखतंय?" "तुझं?" "मला कळत नाही." एवढंच बोलणं.

मिक्सर जेरुशाकडे होता. मास्तर नाहीत, म्हणून माल सगळ्यांत चांगला जिचा होतो तिनं तो करायचा, हे पोरांनीच ठरवलं. सकाळी शेडमधून सामान गाडीत भरायचं, तिथं नेऊन मिक्सरमध्ये टाकायचं. वाळू, चुना, पाणी. तिनं हात चालवले, जसे दोन वर्षं रोज चालवले होते. माल लोण्यासारखा झाला. कॉर्नेलनं दोरी धरली, थर चढत गेले. एक छोटी मुलगी जेवणाचा डबा घेऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ही आमची आहे?" जेरुशा म्हणाली, "तुमचीच. टेकून बघ वाळल्यावर."

भिंत मोठ्या माणसाच्या छातीएवढी झाली. काउंटीचे लोक आले, फोटो निघाले. आमची पोरगी फोटोत हसतमुख होती, फळ्यावर लिहिल्याप्रमाणे.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ती शेड झाडत होती. झाडता झाडता ताडपत्री बाजूला केली.

सिमेंटच्या गोण्या होत्या तशाच होत्या. एकीचंही तोंड उघडलेलं नव्हतं.

मला सांगताना ती म्हणाली, "मावशीआजी, मला आधी वाटलं की जास्तीच्या आणल्या असतील. मग मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले. मोजायचं काय त्यात? मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत होतं मी काय टाकलं ते." ती झाडू तिथंच टाकून चालत भिंतीपाशी गेली. आतल्या बाजूनं, जिथं मुलं बसतात, सांध्यात नख घातलं. माल कोरड्या भाकरीसारखा सुटून खाली पडला.

लक्षात घ्या, चूक तिची होती. तिनं ती कुणावर ढकलली नाही. ती तशीच पर्व्हिसच्या गाडीपाशी गेली आणि काचेवर टकटक केली.

"भिंतीत सिमेंट नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून चुकलं. मी शाळेतला माल केला. ती पाडून पुन्हा बांधायला हवी."

पर्व्हिसनं काच बोटभर खाली घेतली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मीच कालवला माल."

"पोरी, माझं बिल पास झालंय. उभी आहे ना भिंत?"

"उभी आहे."

"मग तिला उभी राहू दे. तू शिकायला आलीस ना? मग हे शीक." आणि काच वर गेली.

ती बाईंकडे गेली. बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं. सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांना लगेच कळलं. बाईंचा बापच गवंडी होता. डोकं धरून बसल्या. मग म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस?"

"पर्व्हिसना."

"आणखी कुणाला नको. मंगळवारी मतदान आहे. ते होऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती गुपचूप पाडून घेईन. तुला शब्द देते."

"तोवर मुलं तिला टेकून जेवतील."

"तोवर काही होत नाही."

"हे तुम्ही भिंतीला सांगितलंय का?"

"जेरुशा." बाई उभ्या राहिल्या. "उलट बोलू नकोस. तुझं आणि कॉर्नेलचं बरोबरीत चाललंय. वरिष्ठांनी सांगितलेलं करणं हीसुद्धा कार्यनिष्ठाच असते."

ऐकलंत? एका पोरीनं आपली चूक आपल्या तोंडानं कबूल केली, आणि तिला कार्यनिष्ठा शिकवली गेली. आज इतक्या दिवसांनीही हे सांगताना मला बसवत नाही. काठी द्या ती इकडे.

पर्व्हिस मात्र घाबरला असणार. दुसऱ्या दिवशी त्यानं कॉर्नेलला बोलावलं. रस्त्याकडच्या बाजूनं सांधे खरवडून त्यात सिमेंटच्या दरजा भरून घे, म्हणाला. वरून घट्ट दिसेल. आतली बाजू सोमवारी. कॉर्नेलनं विचारलं नाही कशाला. त्याला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच त्यानं विचारलं नाही. दिवसभर गुडघ्यावर बसून त्यानं इतक्या सुबक दरजा भरल्या की येणारे-जाणारे थांबून बघत होते.

घरी व्होनेटाला कळलं तेव्हा ती भाजीचा पाला निवडत होती. तिनं पातेलं भिंतीवर फेकलं.

"गप्प बसायचं," ती लेकीला म्हणाली. "तोंडातून शब्द काढायचा नाही."

"आई, ती पडेल."

"पडू दे. जगातल्या सगळ्या भिंती तूच बांधल्यास का? हा हात बघ. बघ हा हात. हा मी कशासाठी देऊन बसलेय? तू त्या शहरात जावंस म्हणून. आणि तू एका भिंतीसाठी..." तिनं हात खाली घेतला. "बाईंनी शब्द दिलाय ना? मग झालं."

"त्या मुलीला मी टेक म्हटलं होतं."

"कुठल्या मुलीला?"

"नाव माहीत नाही."

"नावसुद्धा माहीत नाही," व्होनेटा म्हणाली, आणि खाली बसून पाला गोळा करू लागली. डाव्या हातानं.

मी मध्ये बोलले नाही. त्या रात्री प्रार्थनेला बसले तर मला शब्दच सापडेनात. मी नुसतं 'प्रभू, बघतोयस ना' एवढंच म्हणत राहिले, आणि ते म्हणण्यातही राग होता.

रविवार आला.

आमचे पाळक टॉलिव्हर आधी साधं बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग आवाज एक पायरी चढतो, ऑर्गन त्याच्या मागोमाग चढतो, ते थांबतात तिथं ऑर्गन उत्तर देतो, आणि बोलणं कुठं संपलं, गाणं कुठं सुरू झालं, ते कळतच नाही. मी त्या गाण्यासाठी जगते. डॉक्टरनं घरी बसायला सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, रविवार सोडून बाकी दिवस बसेन.

त्या दिवशी पाळक नासरेथच्या सुताराबद्दल, प्रभूच्या तरुणपणाबद्दल बोलत होते.

"अजून त्यानं आंधळ्याला डोळे दिले नव्हते," ते म्हणाले.

"नव्हते दिले," आम्ही म्हणालो.

"अजून तो पाण्यावर चालला नव्हता."

"नव्हता चालला."

"मग काय करत होता इतकी वर्षं?"

"सांगा, पाळक."

"लाकूड तासत होता." आणि कॉर्नेलनं ऑर्गनवर असा एक सूर धरला की माझ्या अंगावर काटा आला. पाळक गाऊ लागले. एक विधवा आली, म्हणाले, खांद्यावर जू घेऊन आली. तुझ्या बापानं केलेलं हे जू, माझ्या बैलाची मान सोलतंय. आणि तरुण सुतारानं ते हातात घेतलं, बोट फिरवलं. बापाचं नाव जाईल म्हणून त्यानं झाकलं का? नाही. वरून तेल चोळून चकाकी आणली का? नाही. तुझा बैलच वाईट, असं म्हणाला का? नाही, नाही. त्यानं ते उकललं. "उकललं," पाळक गात होते, घाम कॉलरवरून वाहत होता, "उकललं, आणि पुन्हा केलं."

"आमेन," माझ्या शेजारून आवाज आला. सगळ्यांत मोठा. बर्डसाँगबाईंचा.

आणि ऑर्गन थांबला.

पाळकांनी वळून बघितलं. कॉर्नेलचे हात पट्ट्यांवर होते, पण दाबत नव्हते. पाळक बिनसाथीचेच गात राहिले, लोक टाळ्या वाजवत राहिले. दाराशी जेरुशा उभी होती. लोकांना जागेवर बसवण्याचं काम तिचं, पांढरा झगा आणि पांढरे हातमोजे. तिनं एकेक हातमोजा काढला, शेवटच्या बाकावर ठेवला, आणि दार उघडून बाहेर गेली.

मास्तर आदल्याच दिवशी हॉस्पिटलातून आले होते. त्यांची गाडी अंगणात उभी होती, मागे हत्यारं. तिनं हातोडा आणि छिन्नी घेतली आणि रस्ता ओलांडला.

आम्ही बाहेर आलो तोवर वरचे दोन थर खाली आले होते. रविवारच्या कपड्यांत सगळं चर्च पायऱ्यांवर उभं. टोप्या, झगे, लहान मुलांच्या कडक कॉलरी. रस्त्यापलीकडे पांढऱ्या झग्यात एक पोरगी भिंत पाडतेय. ती घाई करत नव्हती. शेडमध्ये शुक्रवारी पाडतात तशी पाडत होती, वरून खाली, एकेक वीट, आणि काढलेली वीट गवतावर नीट ठेवत होती.

व्होनेटा धावली. हॅट पडली तरी धावली. "घरी चल," ती दात आवळून म्हणाली. "लोक बघतायत. घरी चल, नाहीतर केसाला धरून नेईन."

"ने," जेरुशा म्हणाली आणि पुढची वीट सोडवली.

व्होनेटाला धाप लागली होती. तिनं आधारासाठी हात भिंतीवर टेकला, उजवा, मेलेल्या बोटांचा, आतल्या बाजूनं. आणि तिच्या हाताखालची वीट सरकली. तिनं हाताकडे बघितलं. बोटं आवळता येत नाहीत, म्हणून तळहातानंच ओढली. जो हात कप धरू शकत नाही, त्या हातात ती वीट निघून आली, सांध्यातली वाळू मनगटावर सांडत.

तिनं वीट उलटीपालटी करून बघितली. मग तिनं ती गवतावर ठेवली, लेकीनं ठेवलेल्या विटांच्या रांगेत. आणि दुसरीला हात घातला.

"आई, तू नको. मी बांधलीय."

"आणि तुला कुणी बांधलं? सरक तिकडे."

मास्तर सुटाबुटात, पोटावर हात दाबून, हळूहळू रस्ता ओलांडून आले. त्यांनी हातोडा मागितला नाही. एक पालथी बादली बघितली, तिच्यावर बसले, खिशातला रुमाल काढला आणि खाली पडलेली वीट मांडीवर घेऊन पुसायला लागले. लग्नाचा सूट होता तो. विटांच्या धुळीनं लाल झाला.

बर्डसाँगबाई गायकवृंदाच्या जांभळ्या झग्यातच आल्या.

"जेरुशा, हातोडा खाली ठेव. आज रविवार आहे."

"उद्या सोमवार आहे, बाई. उद्या मुलं येतील."

"परवा मतदान आहे. ती शेड बंद झाली तर पुढच्या वर्षी कुणाच्या हातात थापी येणार? तू एका भिंतीपायी सगळ्यांचं दार बंद करतेयस. मी किती वर्षं..." बाईंचा आवाज फाटला. खोटं नव्हतं ते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ओडेसा," व्होनेटा म्हणाली, "आत्ता आमेन म्हणालीस ना?"

"व्होनेटा, तुला सगळं माहीत नाही."

"ही वीट माझ्या या हातानं निघाली. यापेक्षा जास्त काय माहीत व्हायचंय?"

बाई मास्तरांकडे वळल्या. "अल्व्हॉइड, तुम्ही तरी सांगा तिला."

मास्तरांनी मान वर केली नाही. "ती तिची भिंत पाडतेय," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

चर्चच्या पायरीवर कॉर्नेल उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते, तो रस्त्याकडे बघत होता. एक लाकडाचा ट्रक गेला, धूळ उडाली, बसली, तरी तो तिथंच होता. रस्ता काही त्यानं ओलांडला नाही.

मंगळवारी काउंटीच्या लोकांनी शेड चालू ठेवायचं ठरवलं. एका मतानं. भिंतीबद्दल बैठकीत कुणी बोललंच नाही. पर्व्हिसचे दोन मेहुणे त्या टेबलाशी बसतात. उन्हाळ्यात पर्व्हिसनं आपली माणसं लावून भिंत पुन्हा बांधून घेतली, सिमेंटची, आणि तिच्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी आहे. तुम्ही रस्त्यानं आलात तेव्हा दिसली असेल.

फळ्यावर जेरुशाच्या नावापुढे शून्य लिहिलं गेलं. शाळेच्या कामाची नासधूस आणि वरिष्ठांचा अवमान. शहरात नाव गेलं ते कॉर्नेलचं.

मास्तरांना लोक म्हणाले, नोकरी सोडून द्या, थुंका त्यांच्या तोंडावर. ते म्हणाले, "मग पोरांना तो फळाच शिकवेल." अजून शिकवतात. बर्डसाँगबाई अजून माझ्या शेजारी उभ्या राहून गातात. त्यांचा आवाज चांगला आहे, देवानं दिलेला आहे, आणि मला तो ऐकावा लागतो. क्षमा कर असं प्रभू म्हणतो. मी म्हणते, करते, पण आज नाही.

आणि जेरुशा कारखान्यात लागली. आईच्या शेजारी, त्याच पट्ट्याशी. ज्या दिवशी ती पहिल्यांदा पांढरी टोपी घालून तिथं उभी राहिली, त्या दिवशी व्होनेटा घरी येऊन काही न खाता भिंतीकडे तोंड करून झोपली. आमच्या घरात आता रविवारी बटणं लावताना बोलणं होत नाही. मी एकदा जेरुशाला विचारलं, पुन्हा अशी वेळ आली तर? ती म्हणाली, "मावशीआजी, पुन्हा विचारू नकोस."

नाताळात कॉर्नेल शहरातून आला होता. आजीला भेटून आमच्या पायरीशी येऊन उभा राहिला, टोपी हातात. हात गवंड्याचे झाले होते, रुंद, फुटलेले. जेरुशा पाळी संपवून येतच होती. अंगाला कारखान्याचा वास.

"सोमवारी मी आतल्या दरजा भरणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"भरल्या असत्या मी. तू पाडली नसतीस तर."

"माहीत आहे, कॉर्नेल. तुझी आजी खातेय का नीट?"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि गेला. तेव्हापासून आला नाही. शहरात तो चर्चला जात नाही, ऑर्गनला हात लावत नाही, असं मी त्याच्या आजीला भरवायला जाते तेव्हा तीच मला सांगते. तिचं ऐकत मी चमचा पुढे करत राहते.

तर माझी एक विनंती आहे. जेरुशासाठी काही मागू नका. तिच्यासाठी मी रोज मागते आणि तिची ओळख वर चांगली आहे. तुम्ही आज झोपण्यापूर्वी कॉर्नेलचं नाव घ्या. खूप काही म्हणू नका, नुसतं नाव घ्या. मी प्रयत्न करते. त्याच्या नावापाशी आले की माझे दात आवळतात आणि प्रार्थना तिथंच अडते. म्हणून तुम्ही घ्या.